घरगुती फीटल डॉपलर: कोणी घ्यावे आणि कोणी घेऊ नये

पोटावर ठेवून बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकवणारे, मुठीत मावणारे फीटल डॉपलर आता शल्यसाहित्याच्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात सहज मिळते. मी ते दुसऱ्या गरोदरपणात, डॉक्टरांनी लिहून दिले म्हणून, अठराव्या ते सव्विसाव्या आठवड्यापर्यंत रोज वापरले. त्यामुळे या यंत्राचा खरा उपयोग कोणता आणि जाहिरातीतला कोणता, हे मला जवळून पाहता आले. नात्यातल्या आणि ओळखीतल्या मुली दिवस राहिले की हमखास विचारतात, ‘ते ठोके ऐकायचे मशीन घेऊ का?’ त्या सर्वांना एकदाच नीट उत्तर देता यावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते. ज्या गरोदर स्त्रीला तिच्या डॉक्टरांनी ठरावीक कारणासाठी, ठरावीक आठवड्यांपुरते आणि ‘असे ऐकू आले तर लगेच या’ असे सांगून हे यंत्र दिले आहे, तिच्यासाठी ते मोलाचे आहे. केवळ मनाच्या समाधानासाठी घेणाऱ्या स्त्रीला मात्र ते फसवू शकते, आणि ही फसवणूक क्वचित बाळाच्या जिवावर बेतते.

मी घेतलेल्या यंत्राची किंमत तीन हजारांच्या आसपास होती. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या किमतीतली बहुतेक यंत्रे एकाच धाटणीची आहेत. छोटा पडदा असलेली एक डबी, तिला वायरने जोडलेला, पोटावर टेकवायचा प्रोब, आवाजाचे एक बटण, हेडफोन लावायची जागा, जेलची लहानशी बाटली आणि घडी घातलेले माहितीपत्रक, एवढेच खोक्यात येते. प्रोबवर दोन किंवा तीन मेगाहर्ट्झ असा आकडा छापलेला असतो. दोनच्या ध्वनिलहरी अधिक खोलवर पोहोचतात, म्हणून पुढच्या महिन्यांत आणि पोटाचा घेर जास्त असलेल्या स्त्रियांना तो प्रोब बरा पडतो, तर तीनचा साधारणपणे आधीच्या महिन्यांत उपयोगी ठरतो. स्टेथोस्कोपने ऐकावा तसा हृदयाचा आवाज यात ऐकू येतो, हा समज मात्र चुकीचा आहे. ऑस्ट्रियाचे ख्रिस्तियन डॉपलर यांनी १८४२ साली मांडलेले तत्त्व येथे वापरलेले असते. प्रोबमधून निघालेली ध्वनिलहर हलत्या वस्तूवर आदळून परतताना तिची वारंवारता बदलते, आणि यंत्र तो बदल आपल्याला ऐकू येईल अशा आवाजात रूपांतरित करते. म्हणजे यंत्राला केवळ हालचाल कळते. ती हालचाल बाळाच्या हृदयाच्या झडपेची आहे, नाळेतल्या रक्ताची आहे, की आईच्याच एखाद्या रोहिणीची, हे त्याला कळत नाही. या परीक्षणातले पुढचे जवळजवळ सगळे आक्षेप याच एका गोष्टीतून निघतात.

वापरायला यंत्र सोपे वाटते, पण हात बसायला वेळ लागतो. खोक्यावर ‘नवव्या आठवड्यापासून ठोके ऐका’ असे ठळक छापलेले होते. प्रत्यक्षात अशा घरगुती यंत्रावर बहुतेकींना बाराव्या आठवड्याच्या आधी ठोके मिळत नाहीत आणि वार पुढच्या बाजूला असेल तर त्याहूनही उशीर होतो. खोक्यावरच्या त्या एका ओळीमुळे किती जणींनी दहाव्या आठवड्यात पोटावर प्रोब फिरवून, काहीच ऐकू येत नाही म्हणून रात्र रडून काढली असेल, याचा विचार छापणाऱ्याने करायला हवा होता. अठराव्या आठवड्याच्या पुढे काम सोपे होते. प्रोब बेंबीच्या खाली, किंचित तिरपा धरून, जागचा न हलवता फक्त कोन बदलत शोधावे लागते. बाळाची पाठ ज्या बाजूला असेल तिकडे ठोके सर्वांत स्पष्ट लागतात. पहिल्यांदा बहुधा वारेचा संथ ‘सूं सूं’ आवाज सापडतो. त्याच्या आसपास थोडे सरकले की भरधाव घोड्याच्या टापांसारखा जलद, कोरडा आवाज येतो आणि तो एकदा कानात बसला की पुन्हा ओळखायला चुकत नाही. जेल भरपूर लागते. कंजूषी केली तर प्रोब आणि त्वचेच्या मध्ये हवा राहते आणि नुसती खरखर ऐकू येते.

आता पडद्यावरच्या आकड्याविषयी लिहिते, कारण यंत्र विकत घेणाऱ्यांचे सगळे लक्ष तेथेच असते. आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ महासंघ, म्हणजे फिगो, याच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार बाळाच्या ठोक्यांचा मूळ वेग मिनिटाला ११० ते १६० असावा, आणि तो ११० च्या खाली दहा मिनिटांहून अधिक काळ राहिला तर त्याला ठोके मंदावणे, म्हणजे ब्रॅडिकार्डिया, म्हणतात. आपल्याकडे आरोग्य उपकेंद्रांतल्या परिचारिकांना मात्र १२० ते १६० हीच मर्यादा शिकवलेली असते, त्यामुळे ११५ हा आकडा पाहून एक डॉक्टर निर्धास्त असतात आणि उपकेंद्रातल्या सिस्टर पुढे पाठवतात. यात दोघांपैकी कोणी चुकत नाही, मर्यादारेषा फक्त वेगवेगळ्या आहेत. गर्भाच्या वयानुसारही वेग बदलतो. सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीत प्रथम दिसणारे ठोके शंभर-सव्वाशेच्या घरात असतात, नवव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत ते १७० च्या आसपास चढतात आणि नंतर हळूहळू उतरत जातात. ठोके १४० च्या वर असले तर मुलगी आणि खाली असले तर मुलगा, ही समजूत अजूनही घराघरांत आहे. तिला काहीही आधार नाही. या यंत्रातून बाळाचे लिंग कळत नाही, आणि ते कळावे म्हणून कोणी ते घरात आणत असेल तर तो विषयच वेगळा आहे.

आकड्याची सर्वांत मोठी अडचण अशी, की तो कोणाचा आहे हे पडद्यावर लिहिलेले नसते. मी एका रात्री झोपण्यापूर्वी प्रोब लावला तेव्हा पडद्यावर ७८ दिसले आणि आवाजही नियमित, स्वच्छ होता. माझ्या आजारात, ज्याविषयी पुढे लिहिले आहे, अशाच आकड्याची भीती दाखवलेली असल्याने काळजात धस्स झाले. पण फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, करणाऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी एक सवय लावून दिली होती, की यंत्र चालू असताना दुसऱ्या हाताची किंवा नवऱ्याची दोन बोटे स्वतःच्या मनगटावर ठेवायची. मनगटातली नाडी आणि डबीतला आवाज अगदी एकाच वेळी पडत होते. प्रोब ओटीपोटाच्या कडेला सरकला होता आणि ते ठोके माझ्या रोहिणीचे होते. प्रोब मध्यावर आणून कोन बदलताच १४४ लागले. ही साधी तपासणी माहितीपत्रकात कोठेही लिहिलेली नव्हती, आणि यंत्राच्या सगळ्या उणिवांत मी हीच सर्वांत गंभीर समजते. याची उलट बाजू अधिक धोक्याची आहे. ताप आलेल्या, घाबरलेल्या किंवा कळा सोसणाऱ्या आईची नाडी मिनिटाला सव्वाशेपर्यंत जाऊ शकते, आणि तो आकडा बाळाचाच समजून सगळे निश्चिंत राहू शकतात.

दुसरी फसगत आकडेमोडीची आहे. यंत्र प्रत्येक ठोका वेगळा मोजत नाही, तर आवाजातली पुनरावृत्ती शोधून त्यावरून वेग काढते. आवाज क्षीण किंवा दुहेरी असला की त्याची गणना निम्म्यावर येते किंवा दुप्पट होते. १४० चे ७० दाखवले तर आईचा जीव टांगणीला लागतो, एवढ्यावर भागते. पण खरे ठोके ७० असताना १४० दाखवले तर ज्यासाठी यंत्र घेतले तीच गोष्ट निसटते. म्हणून मला पडद्याकडे न पाहता घड्याळ समोर ठेवून कानाने मोजायला शिकवले गेले, आणि आकड्यापेक्षा लय एकसारखी आहे का, मध्येच ठोका गळतो का, याकडे लक्ष द्यायला सांगितले गेले. कान तयार झाल्यावर पडदा नसलेले यंत्रही चालले असते असे मला वाटू लागले.

समजा, ठोके खरोखरच मंद आहेत आणि ते बाळाचेच आहेत. तरी त्याचे कारण या यंत्रातून कळत नाही, आणि कारणांमधला फरक जमीन-अस्मानाचा आहे. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत प्रोबचा दाब पडला तरी काही सेकंद ठोके खाली येतात आणि दाब काढताच पूर्ववत होतात. आई बराच वेळ उताणी झोपली तर गर्भाशयाच्या भाराने मोठी नीला दाबली जाते, रक्तदाब उतरतो आणि बाळाचे ठोकेही मंदावू शकतात, म्हणून डाव्या कुशीवर वळायला सांगतात. बाळाच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून अवेळी येणारे जादा ठोके खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचले नाहीत, तर वेग ७० ते ९० इतका कमी भासतो. ऐकायला हे भयंकर वाटते, पण बहुतेक वेळा ते आपोआप थांबते. हृदयातल्या विद्युतप्रवाहाचा एक आनुवंशिक दोष असा आहे, की त्यात वेग वयाच्या मानाने किंचितच कमी, ११० ते १२० च्या दरम्यान, राहतो. घरी तो कोणालाच खटकणार नाही, पण जन्मानंतर तो जीवघेणा ठरू शकतो. आणि वार सुटणे, नाळ खाली सरकून दाबली जाणे किंवा गर्भाशय फाटणे, यांत ठोके अचानक कोसळतात. रुग्णालयात अशा वेळी मिनिटे मोजली जातात. तीन मिनिटांत ठोके सावरले नाहीत तर मदत बोलावतात, सहाव्या मिनिटाला बाईला शस्त्रक्रियागृहाकडे हलवतात आणि पंधरा मिनिटांच्या आत बाळ बाहेर काढण्याचा प्रयत्न असतो. ‘ठोके कमी झाले म्हणून सिझर करावे लागले’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे, आणि त्यामागे ही धावपळ असते. घरातले यंत्र या प्रसंगी काहीही कामाचे नाही.

यंत्राचा खरा धोका आकडा बरा दिसतो तेव्हा सुरू होतो. सातव्या महिन्यानंतर एखाद्या दिवशी बाळ नेहमीसारखे हलत नाही असे आईला जाणवते. यंत्र घरात नसते तर ती दवाखान्यात गेली असती. यंत्र आहे, म्हणून ती प्रोब लावते, १३५ ऐकते आणि झोपी जाते. पण ठोके चालू आहेत याचा अर्थ बाळ त्या क्षणी जिवंत आहे एवढाच असतो. त्याला प्राणवायू पुरेसा मिळतो आहे का, वार थकली आहे का, याचे उत्तर त्यात नसते. ज्या बाळाला कमी पडत असते, त्याची हालचाल बहुधा आधी मंदावते आणि ठोके बऱ्याच उशिरापर्यंत ठीक राहू शकतात. २००९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दोन डॉक्टरांनी अशीच एक हकीकत प्रसिद्ध केली. अडतिसाव्या आठवड्यातल्या एका स्त्रीला हालचाल कमी वाटत होती, घरच्या डॉपलरवर ठोके ऐकू आल्याने ती थांबली, आणि रुग्णालयात पोहोचली तेव्हा बाळ गेलेले होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१४ मध्ये, वैद्यकीय देखरेखीशिवाय अशी यंत्रे वापरू नयेत, असे जाहीरपणे सांगितले. ध्वनिलहरींनी ऊती किंचित तापू शकतात, हेही त्या सूचनेत होते. थोड्या वेळाच्या वापराने हानी झाल्याचे दिसलेले नसले तरी विनाकारण अर्धा-अर्धा तास, पाहुण्यांना ऐकवण्यासाठी, प्रोब लावून बसणे योग्य नाही. रुग्णालयात ज्याला एनएसटी म्हणतात, त्यात निदान वीस मिनिटे ठोक्यांचा आलेख काढतात, बाळ हलले की वेग चढतो का ते पाहतात, आणि मग तो आलेख जाणकार माणूस वाचतो. ठोक्यांमधला तो चढउतारच बाळाच्या तब्येतीची खूण असतो, आणि मुठीतल्या यंत्राच्या एका आकड्यात तो दिसत नाही.

एवढे सगळे असूनही मी हे यंत्र वापरले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा वापरीन. त्याचे कारण नीट सांगायला हवे, कारण ज्यांना या माहितीची गरज आहे अशा अनेक जणींना आपल्या रक्तात काय आहे हे ठाऊकच नसते. माझे डोळे आणि तोंड सतत कोरडे पडत असल्याने संधिवाततज्ज्ञांनी केलेल्या तपासणीत अँटी-रो नावाची प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, सापडली. ही प्रतिपिंडे असलेल्या कित्येक स्त्रियांना स्वतःला काहीच त्रास नसतो. गरोदरपणाच्या मध्यावर ती वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात, आणि काही मोजक्या बाळांच्या हृदयात वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे संदेश नेणारी गाठ त्यामुळे सुजून कायमची निकामी होते. मग खालचे कप्पे स्वतःच्या संथ गतीने, मिनिटाला साधारण ५० ते ७० वेळा, आकुंचन पावत राहतात. याला जन्मजात हार्ट ब्लॉक म्हणतात. अँटी-रो असलेल्या शंभर मातांपैकी एक-दोघींच्या बाळाला तो होतो, पण आधीच्या बाळाला झालेला असेल तर पुढच्या वेळी हा धोका सोळा-अठरा टक्क्यांवर जातो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे जुने, स्वस्त औषध घेतल्यास तो निम्म्याहून खाली येतो, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पूर्ण ब्लॉक झालेल्या बाळांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा दगावतो आणि वाचलेल्यांपैकी बहुतेकांना पुढे पेसमेकर बसवावा लागतो.

आता यात डॉपलरचे काम काय, तर वेळ पकडणे. निरोगी लयीपासून पूर्ण ब्लॉकपर्यंतचा प्रवास कधीकधी चोवीस तासांच्या आत होतो, आणि एकदा पूर्ण झालेला ब्लॉक परत फिरत नाही. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला फीटल इको केला तरी दोन तपासण्यांच्या मध्ये सगळे घडून गेलेले असू शकते. म्हणून अमेरिकेत कोलोरॅडोच्या डॉ. बेटिना क्युनिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मातांच्याच हाती डॉपलर देऊन अठराव्या ते सव्विसाव्या आठवड्यात रोज ठोके ऐकायला लावले आणि लय बिघडल्यास तातडीने इकोसाठी बोलावले. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. मातांना हे जमते, आणि काही तासांच्या आत पकडलेल्या अर्धवट ब्लॉकवर उपचार करून पाहण्याची संधी त्यातून मिळू शकते, हे त्यात दिसले. म्हणजे हेच यंत्र, पण सोबत कारण, कालावधी, प्रशिक्षण आणि चोवीस तास उचलला जाणारा फोन. माझ्या डॉक्टरांनी त्याच धर्तीवर मला सकाळ-संध्याकाळ ऐकायला सांगितले होते. वहीत चार रकाने आखले होते: वेळ, कानाने मोजलेले ठोके, माझी नाडी आणि लय कशी वाटली. एका संध्याकाळी प्रत्येक पाच-सहा ठोक्यांनंतर एक ठोका चुकल्यासारखा वाटला. वेग १४० च्या घरातच होता आणि पडद्यावर सगळे छान दिसत होते, पण कानाला खटकले ते खटकलेच. फोन केला, त्याच रात्री इको झाला आणि ते वरच्या कप्प्यातले निरुपद्रवी जादा ठोके निघाले. ठोके गळण्याचा असा प्रकार गरोदरपणात अपवादात्मक नाही आणि बहुतेक बाळांत तो आपोआप जातो. ब्लॉक नाही हे मात्र इकोनेच सांगितले. घरी बसून ते कोणालाही सांगता आले नसते, आणि मला कोणी तसे ठरवू दिले नाही, हेच या व्यवस्थेचे बळ आहे.

वस्तू म्हणून यंत्राविषयी थोडे. आवाज पुरेसा मोठा असला तरी हेडफोन लावून ऐकणे जास्त चांगले, कारण लयीतला बारीक दोष डबीच्या छोट्या स्पीकरमध्ये बुडून जातो. बॅटरी उतरू लागली की यंत्र बंद पडण्याआधी आकडे भलतेच दाखवू लागते आणि त्याची सूचना देणारा दिवा फार उशिरा लागतो, म्हणून सेल वेळेआधीच बदलावेत. प्रोबची वायर जोडाशी कमकुवत आहे. ती घट्ट गुंडाळून ठेवली की तुटक आवाज येऊ लागतो आणि लय बिघडल्याचा भास होतो, हा दोष माझ्या दृष्टीने केवळ गैरसोयीचा नाही, तर धोक्याचा आहे. मोबाइलला जोडून ठोके ध्वनिमुद्रित करणारी सोय काही यंत्रांत असते. तिचा एक चांगला उपयोग म्हणजे शंका आल्यावर तो आवाज डॉक्टरांना पाठवता येतो. गर्भारपणाच्या व्हॉट्सॲप गटात मात्र तो पाठवू नये, कारण तेथे उत्तर देणाऱ्यांची उणीव नसते आणि जबाबदारी कोणाचीच नसते.

तुलनेसाठी दोन साधनांचा उल्लेख करते. पहिले म्हणजे पिनार्डची तुतारी, जिला आपल्याकडे सरसकट फिटोस्कोप म्हणतात. फ्रान्सचे प्रसूतितज्ज्ञ अॅडॉल्फ पिनार्ड यांच्या नावाचे हे लाकडी किंवा ॲल्युमिनियमचे नरसाळे गेल्या शतकभराहून अधिक काळ वापरात आहे. त्याला सेल लागत नाहीत, आणि त्यात ऐकू येतो तो हृदयाचा खराखुरा आवाज असल्याने आईच्या नाडीशी गल्लत होण्याची शक्यता कमी असते. ते स्वतःच्या पोटावर स्वतः वापरता येत नाही आणि पाचव्या महिन्याच्या आधी फारसे चालत नाही, पण अनुभवी सिस्टरच्या कानात ते असले की मी डबीतल्या आकड्यापेक्षा त्यावर अधिक विश्वास ठेवीन. दुसरे म्हणजे लार्डल कंपनीचे मोयो नावाचे डॉपलर. हे यंत्र घरासाठी नाही, प्रसूतिगृहासाठी आहे, आणि टांझानियासारख्या देशांत ते वापरले गेले आहे. आईने दोन बोटे त्यावर टेकवली की तिची नाडी वेगळी दाखवली जाते, त्यामुळे ‘हे ठोके कोणाचे’ हा प्रश्न यंत्रच सोडवते. घरगुती यंत्रे बनवणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट उचलली तरी माझ्या तक्रारींपैकी निम्म्या मिटतील.

जन्मानंतर हे यंत्र कपाटात ठेवावे. नवजात बाळाच्या छातीवर प्रोब लावून ठोके पाहणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. तसे करण्यात काही अर्थ नाही, कारण जन्मलेल्या बाळाचे ठोके मोजण्यासाठी ते बनवलेले नाही. नवजात बाळाचे ठोके जागेपणी बहुधा १२० ते १६० असतात, गाढ झोपेत ते ८०-९० पर्यंत उतरू शकतात आणि जागे होताच चढतात. जन्मल्या क्षणी मात्र हिशेब वेगळा असतो. बाळ रडले नाही आणि ठोके १०० च्या खाली असले तर पहिल्या मिनिटाच्या आत मास्कने श्वास द्यायला सुरुवात करतात, आणि नीट श्वास दिल्यावरही ते ६० च्या खालीच राहिले तर छाती दाबायला घेतात, तीन दाब आणि एक श्वास या प्रमाणात. नवजाताचे हृदय मंदावते ते बहुतेक वेळा श्वास न मिळाल्याने, हृदयात दोष असल्याने क्वचित, म्हणून उपचारही आधी श्वासाचा असतो. २००९ पासून देशभर चाललेल्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यांतल्या परिचारिकांना हेच हातांनी करून दाखवून शिकवतात. अँटी-रो असलेल्या मातेच्या बाळाचा ईसीजी जन्मानंतर काढून घ्यावा. माझ्या बाळाचा काढला, तो निर्दोष आला. आईकडून आलेली प्रतिपिंडे पुढच्या काही महिन्यांत बाळाच्या रक्तातून निघून जातात, आणि त्यांच्यामुळे बाळाच्या त्वचेवर चट्टे आले असल्यास तेही जातात.

तरीही घ्यायचेच ठरवले असेल, तर डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि विचारताना पुढील प्रश्न नेमके विचारावेत: मला हे कोणत्या आठवड्यापासून कोणत्या आठवड्यापर्यंत लागणार आहे, दिवसातून किती वेळा ऐकायचे, काय ऐकू आले तर यायचे आणि रात्री कोणाला फोन करायचा. या चारही प्रश्नांना उत्तर मिळाले नाही, तर त्या पैशांत एक जादा तपासणी करून घेणे अधिक शहाणपणाचे. ज्यांना थायरॉइडची व्याधी, ल्युपस, सतत कोरडे डोळे किंवा आधीच्या बाळाला हार्ट ब्लॉक असा इतिहास आहे, त्यांनी यंत्राआधी अँटी-रो तपासणीविषयी विचारावे. खरेदी करताना हेडफोनची सोय, वायरचा भक्कम जोड आणि सेलची क्षमता पाहावी, आकडा दाखवणाऱ्या मोठ्या रंगीत पडद्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. जेल वेगळे, मोठ्या बाटलीचे घ्यावे, खोक्यातले आठवडाभरही पुरत नाही आणि त्याऐवजी तेल किंवा कोरफडीचा गर लावला तर प्रोबचा पृष्ठभाग खराब होऊ शकतो. आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर बाळाची हालचाल कमी वाटली, तर यंत्राला हात न लावता, डबीत काय ऐकू येईल याची वाट न पाहता, त्याच वेळी दवाखाना गाठावा, मग रात्रीचे दोन वाजलेले असले तरी चालेल.